ताप उतरल्यानंतरचा कोविड

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्राचे पहिले कोविड रुग्ण आढळले आणि महिनाअखेरीपर्यंत पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांतली यंत्रे टाळेबंदीने थांबली. ऑगस्टअखेर नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो रुग्णालय उभे राहिले. साथीची ही नोंद खाटांची आणि मृत्यूंची आहे. घरी परतलेल्यांचे आजारपण तिच्यात जवळजवळ नाही.

त्या आजारपणाला नावही रुग्णांनीच दिले. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ महिलेने ‘लाँग कोविड’ हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कारणाने न उलगडणारी लक्षणे.

असेंब्ली लाइनवर या आजाराचा जाच अधिक. कंपनीच्या बसची पायरी चढताना धाप लागते, नट आवळताना पुढची क्रिया आठवत नाही. रेटून शिफ्ट भरली तर थकवा बहुधा दुसऱ्या दिवशी गाठतो. एक्स-रे मात्र अनेकदा स्वच्छ येतो, म्हणून पुरावा दाखवता येत नाही.

कामगारांच्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के. क्षयासारख्या ठरावीक ३४ आजारांसाठी ८० टक्के दराने तो दोन वर्षांपर्यंत वाढतो. ही यादी कोविडच्या आधीची आहे. कंत्राटी कामगाराला तर रजा संपण्याआधी कामच जाण्याची धास्ती. लाँग कोविडला त्या यादीत स्वतंत्र जागा मिळायला हवी.