उन्हात मुरलेली वाइन

सोलापूरच्या उन्हाची ओळख करून द्यायला नको. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सकाळचं ताक दुपारपर्यंत आंबटढाण होतं. अशा जिल्ह्यात वाइन टिकते कशी, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अकलूजजवळची ‘फ्रातेल्ली’ वायनरी आता सगळ्यांना ठाऊक आहे. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेची या तीन घरांतल्या भावांनी ती उभारली. ‘फ्रातेल्ली’चा इटालियन अर्थच ‘भाऊ’. आजच्या वायनरीत उन्हावर उपाय सोपा आहे. टाक्या यंत्रानं थंड ठेवायच्या. पण यंत्रं नव्हती तेव्हा काय करत?

तेव्हा वाइनमध्ये दारूच मिसळत. द्राक्षाच्या रसातली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करतं. पोर्तुगालची पोर्ट वाइन करताना साधारण निम्मी साखर उरली असतानाच रसात द्राक्षांपासून गाळलेलं कडक मद्य ओततात. चार भाग रसाला सुमारे एक भाग. त्यानं यीस्ट मरतं, गोडी शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. एवढ्या तेज पेयाला आंबवणाऱ्या जंतूंचं भय उरत नाही. हीच फोर्टिफाइड, म्हणजे बळकट केलेली वाइन. पुढं ती लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. लाकडातून थोडी हवा आत जाते, लाल रंग तपकिरी होतो आणि चवीला सुक्या मेव्याची झाक येते.

या गोष्टीत हिंदुस्थानचाही वाटा आहे. अटलांटिकमधल्या मदिरा या पोर्तुगीज बेटावर हिंदुस्थानकडं येणारी जहाजं थांबत आणि वाइनची पिंपं भरून घेत. अठराव्या शतकात त्या वाइनमध्येही मद्य मिसळण्याची रीत पडली. विषुववृत्तावरच्या उकाड्यात जहाजाच्या तळाशी ही पिंपं महिनोन्‌महिने तापत. नवल असं, की न विकता परत गेलेली वाइन बिघडलेली नव्हती, उलट अधिक चवदार झाली होती! मग व्यापारी मुद्दाम पिंपांना हिंदुस्थानची वारी घडवू लागले. ही वारी महाग पडू लागली, तेव्हा बेटावरच ऊब देण्याची सोय झाली. आजही तिथं काही वाइन किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. उत्तम वाइन मात्र माळ्यावर, छपराखालच्या नैसर्गिक उबेत कित्येक वर्षं ठेवतात.

मला यातलं मर्म मोलाचं वाटतं. द्राक्ष हे न थांबणारं पीक आहे. माल तयार झाला आणि भाव पडला किंवा अवकाळी पाऊस आला, तर बागायतदाराचं वर्ष जातं. ‘सोनाका’ हे वाण देणाऱ्या नान्नजच्या या जिल्ह्यानं त्यावर बेदाण्याचा मार्ग धरला. शेडमधल्या जाळ्यांवर, कोरड्या गरम हवेत, दोन-तीन आठवड्यांत नाशवंत द्राक्षाचा टिकाऊ बेदाणा होतो. मदिराची वाइन काय किंवा आपला बेदाणा काय, दोन्हीकडं माणसानं उन्हाशी भांडण न करता त्यालाच कामाला लावलं. पिकवणं आपल्याला कधीच जमलं आहे. टिकवणं ज्याला जमतं, त्यालाच भावासाठी थांबता येतं.