केडगावचे दुष्काळवर्ष

१८९६ साली पर्जन्याने पाठ फिरवली आणि मुंबई-पुण्यास ग्रंथिज्वराने म्हणजे प्लेगने वेढले, तेव्हा कोवळ्या वयात उपासमारीने आईवडिलांचे मरण पाहिलेल्या पंडिता रमाबाईंना स्वस्थ बसवले नाही. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. परंतु प्लेगच्या बंदोबस्तापायी पुण्यातील त्यांच्या शारदासदन या विधवाश्रमात नवी भरती करण्यास सरकारची मनाई झाली. म्हणून लोहमार्गालगत केडगाव येथे आधीच खरेदी केलेल्या माळावर तात्पुरते निवारे उभे राहिले आणि १८९७ मध्ये ‘मुक्ती’ या आश्रमाचा संसार सुरू झाला.

ख्रिस्तावरील श्रद्धा हे त्या कार्याचे अधिष्ठान होते. तथापि त्या श्रद्धेचे दृश्य रूप म्हणजे खणलेली विहीर, वेळेवर शिजलेले अन्न आणि हाडांना कातडी चिकटलेल्या पोरीच्या हाती आलेली पाटी. केवळ अन्नछत्र उघडून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम व पुढे छापखाना यांच्याद्वारे त्यांनी आश्रितांना स्वावलंबनाचा मार्ग दाखविला. भुकेल्यास घास देणे हे पुण्य खरेच. पण त्याच्या हातांना काम देऊन त्याची मान ताठ करणे, हे त्याहून थोर पुण्य होय.