थोपविलेले पाणी आणि हौशी नाविक : पुण्याच्या रिगाटाचा इतिहास

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे गाव आज जेथे आहे तेथे ते मुळात नव्हते. कावेरीच्या अगदी काठाशी येडतोरे नावाचे जुने गाव होते. पुराने त्याची वाताहत झाली, आणि १९२५ ते १९३० या काळात चौथ्या कृष्णराज वडियारांच्या नावाने आखीव रस्त्यांची नवी वसाहत उभारण्यात आली. त्याच महाराजांचे नाव धारण करणारे कृष्णराजसागर धरण त्याच नदीवर, गावाच्या खालच्या अंगास, त्याच सुमारास पूर्णत्वास जात होते. १९११ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ झाला होता. पूर्ण भरले असता त्याची पातळी १२४.८० फूट आणि साठा ४९.४५ अब्ज घनफूट मानला जातो. वाहत्या पाण्याचा धाक आणि थोपविलेल्या पाण्याचा भरवसा, या दोन्हींचा अनुभव त्या प्रदेशातील एकाच पिढीला एकाच नदीने दिला.

थोपविलेल्या पाण्याचा इतिहास सामान्यतः सिंचन, वीज आणि विस्थापन या तीन अंगांनी लिहिला जातो. खेळ हे त्याचे चौथे अंग. ते दुर्लक्षित राहिले आहे, कदाचित ते गंभीर वाटत नाही म्हणून. वास्तविक विसाव्या शतकातील बहुतेक जलक्रीडा शांत, न वाहणाऱ्या पाण्यावरच वाढल्या. १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने लाकडी फळ्या पायांना बांधून, मोटारबोटीच्या दोरामागून पाण्यावर घसरत जाण्याचा प्रयोग यशस्वी केला, तो पेपिन सरोवरावर. त्यातून वॉटर स्कीइंग निर्माण झाले. पुढे शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिनोक्वा या छोट्या गावात १९५० मध्ये ‘मिन-ॲक्वा बॅट्स’ हा हौशी संघ स्थापन झाला. तेथे शर्यत नाही. माणसांचे मनोरे, रांगा आणि उड्या रचून काठावरच्या लोकांसमोर खेळ सादर करणे हेच त्या संघाचे कार्य. मराठी मुलखात मोटारबोटीमागे धावणाऱ्या अशा संघांनी मूळ धरले नाही. मात्र शर्यतीऐवजी प्रदर्शन, धंद्याऐवजी हौस आणि पाण्यावर रचलेला सामूहिक आकृतिबंध ही त्याची तिन्ही लक्षणे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रिगाटामध्ये आढळतात. हा उपक्रम १९२८ पासूनचा, म्हणजे मिनोक्वाच्या संघापेक्षा बावीस वर्षांनी जुना आहे.

कृष्णराजसागराचे प्रमुख शिल्पकार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण याच संस्थेत घेतले होते. १८५४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने ओळखली जात होती, आणि १८८३ मध्ये ते तेथून उत्तीर्ण झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासला येथे त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये कार्यान्वित झाली, आणि तीच कल्पना नंतर कृष्णराजसागरावर वापरण्यात आली. या संबंधाला फार ताणू नये. रिगाटा सुरू झाला तेव्हा विश्वेश्वरय्यांना पुणे सोडून बराच काळ लोटला होता आणि नौकाक्लबाशी त्यांचे नाते जोडण्यास आधार नाही. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की पाणी कसे थोपवावे हे शिकविणाऱ्या संस्थेतच थोपविलेल्या पाण्यावर काय करता येते याचाही एक प्रयोग जवळजवळ शतकभर चालला.

त्या प्रयोगाची जागा मुळा-मुठेच्या संगमाजवळची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून संगमाच्या खाली बंधारा बांधण्यात आला. पुढे बंडगार्डन हे नाव त्यावरूनच रूढ झाले. त्याचा उद्देश पाणीपुरवठ्याचा, पण परिणाम निराळाही झाला. उन्हाळ्यात जेथे खडक उघडे पडावेत तेथे बंधाऱ्यामागे संथ, रुंद पाणी राहू लागले. छावणीतील युरोपीय अधिकाऱ्यांनी हे लवकर ओळखले. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा बोट क्लब १८६७ चा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. म्हणजे दहा वर्षांच्या अवधीत वल्हविण्याचा विलायती छंद तिन्ही इलाख्यांत स्थिरावला. या क्लबांचे दरवाजे एतद्देशीयांना कितपत उघडे होते हे सांगावयास नको.

पुणेकरांना नौकाविहार अपरिचित होता असे नाही. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करविलेल्या तळ्यात पेशव्यांच्या होड्या फिरत असत. सारसबागेचे गणपतीमंदिर त्याच तळ्यातील बेटावरचे. पण तो राजविलास होता. दुसऱ्या टोकाला सांगलीच्या कृष्णेत पावसाळ्यात होणाऱ्या होड्यांच्या शर्यती लोकांच्या आणि नावाड्यांच्या आहेत; त्यांत भरल्या नदीशी झुंज आहे. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जे उभे केले ते या दोहोंत बसत नाही. त्यांनी नौका घेतल्या विलायती : सपाट बुडाचा पंट, लांबट निमुळता स्कल, कयाक. खेळ मात्र शर्यतीचा ठेवला नाही. ‘रिगाटा’ हा शब्द व्हेनिसच्या बोलीतून इंग्रजीत आला आणि तेथे त्याचा अर्थ नौकांची स्पर्धा असा स्थिरावला. पुण्यात त्याच शब्दाला प्रदर्शनाचा अर्थ मिळाला.

हा अर्थबदल कोठून आला? त्याचे उत्तर जमिनीवरच्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडली गेलेली मल्लखांबविद्या, आखाडे, लेझीम आणि शाळाशाळांतून होणारी सामूहिक कवायत यांनी महाराष्ट्रात ‘प्रात्यक्षिक’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार रूढ केला होता. त्यात कोणी हरत नाही. एकाची लय चुकली तर सर्वांचा आकृतिबंध मोडतो, हीच त्यातील जोखीम. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने गेले तेही स्पर्धेसाठी नव्हे, प्रात्यक्षिकासाठीच. रिगाटा हे त्याच दशकांचे अपत्य आहे. बाणाच्या आकारात एकमेकांमागे चालणाऱ्या नौका, पंटवर उभ्याने केलेल्या रचना, संगीताच्या तालावर वळणारे कयाक आणि अंधार पडल्यावरचे मशालनृत्य हे त्यातील प्रकार पाहता, साधने इंग्रजी आणि रचनाबुद्धी आखाड्याची असा संकर स्पष्ट दिसतो.

नावे मात्र साधनांच्या मागे गेली. ‘ॲरो फॉर्मेशन’, ‘पंट फॉर्मेशन’, ‘कयाक बॅले’, ‘टेलिमॅच’ अशी कार्यक्रमांची नावे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच राहिली. त्यांत ‘मशाल’ हा एकच जुना मराठी शब्द टिकला, तोही ‘डान्स’च्या सोबतीने. वल्हे, सुकाणू, नाळ, वरामी हे शब्द कोकण किनाऱ्यावर जिवंत असताना पुण्याच्या नदीवर ते उतरले नाहीत. अभियांत्रिकीचे शिक्षण ज्या भाषेत होते त्याच भाषेत हौसही बोलू लागली. या एका तपशिलावरून त्या शिक्षणाबद्दल बरेच काही समजते.

‘हौशी’ या शब्दाला मराठीत हौशी रंगभूमीमुळे एक प्रतिष्ठा आहे; त्याचबरोबर कच्चेपणाची सूक्ष्म सूचनाही आहे. रिगाटाच्या संदर्भात त्याचा अर्थ मुख्यतः काळाशी निगडित आहे. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. ज्याला पाण्याची भीती घालविण्यातच पहिले वर्ष गेले, त्याच्यावर शेवटच्या वर्षी इतरांना शिकविण्याची पाळी येते. पंटवर उभे असताना शेजाऱ्याच्या वजनाने होडी कलली तर आपण कोणत्या बाजूस झुकावे, हे पुस्तकात नाही. ते वरच्या वर्गातील मुलांकडून खालच्या वर्गातील मुलांकडे तोंडी आणि हातोहात येते. त्यामुळे या खेळाची परंपरा चिवट आहे आणि तिचा लेखी इतिहास अत्यंत विरळ. संस्था १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाली, पुढे स्वायत्त झाली, २०२२ मध्ये तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचे रूप मिळाले. ही स्थित्यंतरे कागदोपत्री नोंदलेली आहेत. पण कयाकांचे पहिले वर्तुळ नदीवर कोणत्या वर्षी फिरले हे स्मरणावरच सोपविलेले आहे.

परंपरा टिकविण्यास माणसे पुरेशी पडली. पाण्याचे तसे झाले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचा लोंढा शहराचा काठ उद्ध्वस्त करीत संगमाकडे गेला. त्या दिवसानंतर पुणेकरांच्या मनात नदी बदलली. पण तो आघात एका दिवसाचा होता. अधिक खोल हानी त्यानंतरच्या दशकांत सावकाश झाली. वरच्या धरणांनी प्रवाह अडविला, शहराचे सांडपाणी नदीत येत राहिले, आणि बंधाऱ्यामागील ज्या संथपणाने नौकांना आश्रय दिला तोच संथपणा जलपर्णीला मानवला. दर उन्हाळ्यात हिरवा थर पात्रभर पसरतो. रिगाटाचा हंगाम म्हणजे मार्चचा सुमार, आणि जलपर्णी फोफावण्याचा काळही तोच. कयाकचे वल्हे त्या थरात अडकते. आकृतिबंधाचा प्रश्नच उरत नाही. सराव करणाऱ्यांना वासाची सवय होते, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

येथे शर्यत आणि प्रदर्शन यांचे मार्ग निराळे झालेले दिसतात. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराच्या नाविक खेळाडूंना सरावासाठी कृत्रिम कालवा उपलब्ध आहे; नदीच्या अवस्थेवर त्यांचा खेळ अवलंबून नाही. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही येथून लष्करात गेलेले दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलच्या शर्यतीत तेराव्या स्थानी आले, ते या लष्करी व्यवस्थेच्या बळावर. शर्यतीला घड्याळ आणि मोजलेले अंतर पुरते. ती बंदिस्त पाण्यात नेता येते. प्रदर्शनाला काठ लागतो, काठावर बसलेले गाव लागते. म्हणून रिगाटाला नदी सोडता आली नाही.

नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याचा ९९०.२६ कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये करारबद्ध झाला. त्यात अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रे योजिलेली होती, आणि कामास दीर्घ विलंब झाला. मार्च २०२२ मध्ये सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकास योजनेची पायाभरणी झाली, आणि संगमवाडी ते बंडगार्डन हा टप्पा आरंभीच हाती घेण्यात आला, म्हणजे जमशेटजींच्या बंधाऱ्यामागचेच पाणी. पात्र अरुंद होईल, पूरपातळी वाढेल आणि काठची झाडे जातील, असे आक्षेप पर्यावरणवाद्यांनी घेतले. काठ लोकांना खुला होईल, असे योजनाकारांनी सांगितले. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत पूर आहे, झाडे आहेत, फिरावयाचे रस्ते आहेत. पाण्यावर उतरणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो. काठ बांधून काढला तरी पंट तरंगतो तो पाण्यावरच, आणि ते पाणी वरून कसे येते यावरच मार्चमधील संध्याकाळ ठरते. तिच्या सरावासाठी विद्यार्थ्यांना नदीवर उतरावे लागते ते त्याआधी कितीतरी आठवडे, जलपर्णी बाजूला सारीत.