रक्ताच्या रिपोर्टमधला एक आकडा : लिम्फोसाइट

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच कुटुंबाशी संबंधित वीसहून अधिक कोरोनाबाधित सापडले आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयाचे नाव राज्यभर गेले. तेव्हा डॉक्टरांपुढचा अवघड प्रश्न होता, यातला कोणता रुग्ण आठवड्याने ऑक्सिजनवर जाईल? या प्रश्नाचा थोडासा सुगावा रक्तातल्या पांढऱ्या पेशी देतात. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला रिपोर्टचे कागद दाखवले जातात, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

साध्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यांची टक्केवारी असते. प्रौढांत एकूण संख्या साधारण ४००० ते ११००० असते. त्यात न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के, तर लिम्फोसाइट २० ते ४० टक्के. विषाणूशी नेमकी लढाई लिम्फोसाइट करतात. गंभीर कोविडमध्ये त्या घटतात, हे २०२० च्या सुरुवातीलाच वुहानच्या रुग्णांत दिसले होते.

न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला लिम्फोसाइटच्या टक्केवारीने भागले की येतो तो एनएलआर. ६० भागिले ३० म्हणजे २, हे ठीक. ८४ भागिले १२ म्हणजे ७, इथे डॉक्टरांना लगेच विचारावे. निरोगी माणसात हा आकडा बहुधा १ ते ३ च्या दरम्यान असतो. पण नुसती टक्केवारी फसवते. एकूण पेशी ५००० आणि लिम्फोसाइट १२ टक्के असतील तर प्रत्यक्ष लिम्फोसाइट ६०० च भरतात. प्रौढात १००० च्या खालची संख्या कमी मानतात. 'एकूण पेशी नॉर्मल आहेत' एवढे ऐकून घरी परतू नये, असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

लिम्फोसाइटचेही प्रकार आहेत. सीडी४ हा शब्द एचआयव्हीमुळे सांगलीत अनेक घरांना ठाऊक आहे. गंभीर कोविडमध्ये सीडी४ आणि सीडी८ या दोन्ही पेशी घटलेल्या आढळल्या. मोनोसाइट पेशींवरची एचएलए-डीआर ही खूणही उतरते. मात्र त्या मोजायला फ्लो सायटोमीटर लागतो. तालुक्याच्या लॅबमध्ये तो नसतो, त्यामुळे गावातल्या रुग्णाला खरा उपयोग सीबीसीचाच. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे कमाल दर २००० ते ३००० रुपये ठरवले होते; सीबीसी काही शे रुपयांत होते. रोजंदारीवरच्या घराला हा फरक म्हणजे आठवड्याचा बाजार असतो.

आता सावधगिरी. स्टेरॉइड घेतल्यावर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि एनएलआर आपोआप चढतो. साथीत कित्येकांना तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. खरे तर ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते, की डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, न लागणाऱ्यांना नाही. म्हणून रक्त देताना कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावेच. पुडीतल्या गोळ्यांची नावे माहीत नसतात, ही आपल्याकडची मोठी अडचण. पुडी तशीच घेऊन जावी. जिवाणूंचा संसर्ग, शस्त्रक्रिया, मोठा ताण यांनीही एनएलआर वाढतो. एकाच रिपोर्टपेक्षा दोन दिवसांच्या अंतराने काढलेले दोन रिपोर्ट जास्त बोलतात.

आणि हा आकडा एकटा निकाल देत नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली तयार झालेल्या फोर-सी या मोजपट्टीत वय, इतर आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, युरिया, सीआरपी अशा गोष्टी आहेत, लिम्फोसाइट नाहीतच. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा चालताना धाप लागली तर एनएलआर २ असला तरी थांबू नये, दवाखाना गाठावा.

लहान मुलांना हे गणित लावू नये. पहिली चार-पाच वर्षे मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणे हेच नेहमीचे असते.