सक्तीचे अवतरण, हलक्या विमानांचे

एंजिन बंद पडणे, इंधन संपणे, हवामान बिघडणे किंवा वाट चुकणे अशा कारणांनी धावपट्टी सोडून मिळेल त्या जागी विमान उतरवावे लागणे, याला सक्तीचे अवतरण म्हणतात. एंजिन चालू असतानाच पुढचा धोका ओळखून जागा हेरून उतरणे हे सावधगिरीचे अवतरण. अपघात बचावण्याजोगा ठरण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : शरीराला बसलेला हिसका सोसण्याइतका असावा, बसण्याची जागा चेपून जाऊ नये आणि थांबल्यावर आग लागण्यापूर्वी बाहेर पडता यावे.

तरंगण्याची मुदत : एंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली येत नाही. सेस्ना १५२ हे दोन आसनी शिकाऊ विमान ताशी सुमारे ११० किमी. वेग राखल्यास उंचीच्या साधारण नऊ पट अंतर तरंगत जाते. १,००० मी. उंचीवरून सुमारे ९ किमी. आणि पाच मिनिटे एवढे भांडवल हाती असते. उड्डाणानंतर लगेच एंजिन गेले, तर हे भांडवल नसते. त्या वेळी धावपट्टीकडे वळून येण्याच्या नादात वेग हरवतो, पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते. म्हणून कमी उंचीवर नाकासमोरचीच जागा धरावी, हा शिक्षणातला पहिला नियम आहे.

जागेची निवड : जागा हेरण्याचे काम कसे चालते, ते मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यावरून समजून घेता येते. उत्तरेला सातपुड्याची चढण, दक्षिणेला नागपूरकडे उतरत जाणारा मोकळा मुलूख, मधून जाणारा लोहमार्ग आणि महामार्ग. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. रस्ता वरून मोहक दिसतो, पण त्यावर वाहने असतात आणि कडेने तारा. वावरे वैशाखात उत्तम : पिके निघालेली, जमीन टणक, आणि कुठे पऱ्हाटी जाळल्याचा धूर उठत असेल तर वाऱ्याची दिशाही कळते. नांगरलेल्या वावरात तासांच्या रोखाने उतरतात, आडवे नाही. आषाढात तीच काळी माती चाक धरून ठेवते. पुढचे चाक रुतले की विमान नाकावर जाऊन उलटते. धुरे आणि विहिरी उंचावरून दिसत नाहीत, त्या शेवटच्या काही सेकंदांत समोर येतात.

संत्र्याच्या बागेत उतरण्याची वेळ आलीच, तर गणित वेगळे असते. जुन्या पद्धतीच्या लागवडीत दोन झाडांत साधारण ६ मी. अंतर असते, सेस्ना १५२च्या पंखांचा विस्तार सुमारे १० मी. पंख झाडांना लागणारच. दोन झाडांच्या बरोबर मधून नाक घातले, तर दोन्ही पंख सारखे तुटतात, वेग खातात आणि मधली बसण्याची जागा पुढे सरकत थांबते. नाक खोडावर गेले, तर थांबायला अंतरच उरत नाही.

वेग आणि अंतर : बचावाचे मर्म या अंतरात आहे. ताशी ८० किमी. वेगाने टेकलेले विमान जवळपास ३ मीटरांत एकसारखे थांबले, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट हिसका बसतो. पट्टे नीट आवळलेले असतील, तर शरीर तो सोसते. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच हिसक्यासाठी चौपट, म्हणजे ११ मीटरांहून जास्त अंतर लागते. ताशी २० किमी. वारा असताना हेच विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवले, तर जमिनीशी वेग ताशी ६० किमी.; पाठवाऱ्याने उतरवले तर १०० किमी. गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक. पंख, चाके, पिकाचा अडथळा हे सारे या हिशेबात खर्ची घालायचे असते. विमान शाबूत ठेवण्याच्या धडपडीत बरेच वैमानिक लांबचे चांगले वावर गाठू पाहतात आणि वाटेतच उचल गमावून नाकावर आपटतात.

पट्टे आणि आसने : ह्यू डी हेवन हा १९१७मध्ये शिकाऊ वैमानिक असताना हवेतल्या टकरीतून वाचला. मात्र पट्ट्याच्या बक्कलाने त्याच्या पोटात गंभीर इजा केली. त्या अनुभवातून १९४२मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठात अपघाती इजांचे पद्धतशीर संशोधन सुरू केले. विमानाने माणसाला कशी इजा केली, हा प्रश्न तेव्हापासून अभियांत्रिकीचा झाला. अमेरिकेत १९७८पासून नव्या हलक्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला. १९८८च्या नियमांनी नव्या आराखड्यांतील आसनांना प्रत्यक्ष आदळण्याच्या चाचण्या लावल्या. नुसता कमरेचा पट्टा असला की धड पुढे वाकते आणि डोके यंत्रफलकावर आदळते; खांद्याचा पट्टा हेच टाळतो.

टेकण्यापूर्वीची कामे : इंधनाची कळ बंद, पट्टे घट्ट, दारे किंचित उघडी, म्हणजे सांगाडा पिळवटला तरी ती अडकत नाहीत. पंखांच्या मागच्या झडपा विजेवर चालत असतील, तर त्या आधी उतरवून मगच वीज तोडतात. विमान उलटे झाल्यास एक हात छताला टेकवून मग पट्टा सोडायचा. घाईने सोडला तर माणूस मानेवर पडतो.

घडलेली उदाहरणे : २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्ण घेऊन निघालेले, दोन एंजिनांचे एक विमान दोन्ही एंजिने थांबल्यावर दिल्लीजवळ नजफगढ भागातील वावरात उतरले, आतले सातही जण वाचले. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने उड्डाण करणारी शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात विमान कोसळूनही किरकोळ जखमांवर निभावली. तारांचा धोका मात्र निराळा, कारण त्या वेळेत दिसत नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून निघालेले शिकाऊ विमान वैनगंगेवर ताणलेल्या दोराला अडकून कोसळले आणि दोघे गेले. डिसेंबर २०२५मध्ये सिवनी जिल्ह्यातील आमगावजवळ, वीजवाहिनीला लागून शेतात पडलेल्या विमानातले दोघे वाचले.

अपघातानंतर : आदळल्यावर ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप संदेश पाठवणारे यंत्र उपग्रहांमार्फत ठिकाण कळवते, जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संदेशांवरची उपग्रहांची नजर १ फेब्रुवारी २००९ रोजी थांबली. पण ठिकाण कळले तरी तिथून जखमीला कोणीतरी उचलून न्यावे लागते. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेले शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात कोसळले. प्रशिक्षक दगावला, शिकाऊ तरुणी जखमी झाली. गाडी पोचेल असा रस्ता नव्हता. तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले, त्याची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी जखमी तरुणीला त्यातून रस्त्यापर्यंत आणले.