श्वानरक्तातील ‘पायरोप्लाझ्मा कॅनिस’ : एका नावाचा इतिहास

रोगविज्ञानाच्या इतिहासात नावे पुष्कळदा वस्तूंपेक्षा दीर्घायुषी ठरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशींत आढळणाऱ्या, नासपतीच्या आकाराच्या एका परोपजीवीस ‘पायरोप्लाझ्मा कॅनिस’ हे नाव रूढ झाले. फ्रान्स, केप वसाहत व मद्रास येथील संशोधक हेच नाव वापरीत होते. आज त्या एका नावाखाली तीन भिन्न जाती होत्या असे आपण मानतो. हा भेद संशोधकांच्या दृष्टीआड होता काय, की त्यांच्या नोंदींत असूनही त्याचे महत्त्व ओळखले गेले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. गुरांच्या टेक्सास तापाचा परोपजीवी गोचिडीमार्फत पसरतो, हे स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेत सिद्ध केले. १८९५ मध्ये पियाना व गाल्ली-व्हालेरियो यांनी इटलीतील कुत्र्याच्या रक्तात तत्सम परोपजीवीचे वर्णन केले. पुढे १९०१ साली केप वसाहतीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाऊन्सबरी यांनी तेथील कुत्र्यांच्या दुर्धर काविळीचा प्रसार गोचिडीमार्फत होतो, असे प्रयोगाने दाखविले. रोगी कुत्र्याचे रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले रोग देत नाहीत. तीच वाढून प्रौढ झाली म्हणजे रोग देतात, हा त्यांचा निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. ही गोचीड हिमाफायसॅलिस वंशातील होती.

१९०७ साली मद्रास येथे रिकार्ड ख्रिस्तोफर्स यांनी ‘पायरोप्लाझ्मा कॅनिस’च्या गोचिडीतील जीवनक्रमाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची गोचीड मात्र निराळी होती. आपल्याकडे कुत्र्यांच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत सर्रास सापडणारी तपकिरी गोचीड, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, ती हीच. १९१९ साली ब्रुम्प्ट यांनी फ्रान्समधील रोगाचा प्रसार डर्मासेंटर वंशाच्या गोचिडीने, तर ट्युनिसमधील रोगाचा प्रसार तपकिरी गोचिडीने होतो असे दाखविले. अशा रीतीने एका नावापुढे तीन वाहक येऊन उभे राहिले. परोपजीवी एकच, वाहक मात्र प्रदेशपरत्वे अनेक, हा अर्थ सर्वांत सोपा होता. आणि तोच दीर्घकाळ प्रचलित राहिला.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरेल. पॅटन यांना मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात, व त्यानंतर कोल्ह्याच्या रक्तात, आकाराने बराच लहान असा परोपजीवी आढळला. १९१० साली त्यांनी त्यास ‘गिब्सोनी’ हे स्वतंत्र नाव दिले, आणि ते टिकले. येथे भेद सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता. उलटपक्षी, राइखेनो यांनी १९३७ साली तपकिरी गोचिडीने पसरणाऱ्या मोठ्या परोपजीवीस ‘व्होगेली’ हे नाव दिले, तेव्हा ते सर्वमान्य झाले नाही. नटॉल यांनी १९१० साली पूर्व आफ्रिकेतील कोल्ह्यात आढळलेल्या परोपजीवीस दिलेल्या ‘रॉसी’ या नावाचीही तीच गत झाली. काचपट्टीवर हे सारे सारखेच दिसत. आकार हे प्रमाण आणि वाहक ही केवळ परिस्थिती, अशी त्या काळाची धारणा होती, असे यावरून अनुमान निघते.

१९८९ साली उइलेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहक, परस्पर प्रतिकारशक्तीचा अभाव व रोगाची तीव्रता या तीन कसोट्यांवर हे परोपजीवी वेगळे केले. पुढे जनुकीय अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली. बॅबेसिया रॉसी हा आफ्रिकेतील, पुष्कळदा प्राणघातक. बॅबेसिया कॅनिस हा युरोपातील. आणि बॅबेसिया व्होगेली हा उष्ण प्रदेशांतील, प्रौढ कुत्र्यांत बहुधा सौम्य परंतु पिल्लांना घातक. दिल्ली, मुंबई, सिक्कीम व लडाख येथील कुत्र्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय पाहणीत व्होगेली आढळला. तेव्हा ख्रिस्तोफर्स यांनी पाहिलेला परोपजीवी बहुधा व्होगेलीच असावा, असे म्हणण्यास आधार आहे.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. केपमधील मृत्यूची वर्णने मद्रासच्या रोगास लागू केल्यास रोगाच्या तीव्रतेविषयी चुकीचा ग्रह होतो. आणि एका जातीविरुद्ध तयार केलेली लस दुसरीपासून संरक्षण देईलच, अशी शाश्वती नसते. म्हणून जुने संशोधनलेख वाचताना परोपजीवीच्या नावावर विसंबण्यापूर्वी स्थळ आणि गोचीड यांची नोंद पाहणे अगत्याचे आहे. लाऊन्सबरी व ख्रिस्तोफर्स यांनी आपापली गोचीड काटेकोरपणे नोंदवून ठेवली, म्हणूनच त्यांच्या नोंदींचा अर्थ आज नव्याने लावणे शक्य होते.