लोणार सरोवराचे जलरसायन

लोणार सरोवर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका गोलाकार विवरात साठलेले खारट व तीव्र अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर आहे. पाण्याचा सामू साधारणपणे ९.५ ते १०.५ या दरम्यान आढळतो. शुद्ध पाण्याचा सामू ७, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१ असतो. सामू एका अंकाने वाढला की अल्कधर्मिता दसपट होते, हे लक्षात घेतल्यास हा फरक किती मोठा आहे ते कळते. पाण्यात सोडिअम, क्लोराइड, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे प्राबल्य असून कॅल्शिअम व मॅग्नेशिअम अत्यल्प आहेत.

विवराची उत्पत्ती

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे विवर ज्वालामुखीजन्य मानले जात होते. भोवतालचा सर्व प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टचाच असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. मात्र अतितीव्र दाबाखालीच तयार होणारा मॅस्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ येथे सापडला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनीच्या आघाताचा निष्कर्ष दृढ केला. विवराच्या वयाबाबत मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे, तर आरगॉन-आरगॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे येते.

क्रियाशील ज्वालामुखीच्या मुखातील सरोवरांशी तुलना केल्यास लोणारचे वेगळेपण स्पष्ट होते. जावा बेटावरील कावाह इजेन सरोवरात भूगर्भातून हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू मिसळतात. त्यामुळे तेथील पाण्याचा सामू ०.५ हूनही कमी, म्हणजे अत्यंत आम्लधर्मी असतो. कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि २१ ऑगस्ट १९८६ रोजी तो एकाएकी बाहेर पडून सुमारे १,७०० माणसे गुदमरून मरण पावली. लोणारच्या पाण्याला असा भूगर्भीय वायूंचा पुरवठा नाही. रसायनाच्या दृष्टीने त्याचे खरे आप्त म्हणजे पूर्व आफ्रिकेतील नेट्रॉन व मगाडी ही सोड्याची सरोवरे.

पाणी अल्कधर्मी का झाले

अशनीने विवर दिले, क्षार दिले नाहीत. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते आणि बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरॉक्सिन या खनिजांची झीज घडवते. त्यातून सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सिलिका आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. हे पाणी चवीला गोडेच असते. विवराच्या उतारावरील धारातीर्थाचा बारमाही झरा त्याचा पुरावा होय.

पुढचा बदल बाष्पीभवनाने होतो. पाणी आटू लागताच प्रथम कॅल्शिअम कार्बोनेटचा साका बसतो. येथे निर्णायक बाब अशी की बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात कॅल्शिअमच्या वाट्याला जाऊन उरेल इतके बायकार्बोनेट असते. कॅल्शिअम संपते, बायकार्बोनेट शिल्लक राहते आणि सोडिअमच्या सोबतीने त्याची संहती वाढत जाते. कॅल्शिअमचे प्रमाण अधिक असते, तर याच क्रियेने कार्बोनेट संपून वेगळ्याच प्रकारचे खारे पाणी तयार झाले असते. मॅग्नेशिअम डोलोमाइट व चिकणमातीत अडकते. सल्फेटचे जीवाणूंकडून क्षपण होते. काठावरच्या गाळाला येणारा सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच.

हे सर्व शक्य होते ते सरोवराला सांडवा नसल्यामुळे. विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या जलाशयात येणारे पाणी बाहेरही जाते, म्हणून तो गोड्या पाण्याचा राहिला. तेथील खडक निराळा आहे हे खरे, पण बेसाल्टवरील तळीही पाण्याला बाहेर पडण्याची वाट असली की गोडीच राहतात.

क्षारांचा उपयोग

‘ऐन-ई-अकबरी’त येथे काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळत असल्याचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठावर जमणारे क्षार पूर्वी गोळा केले जात. त्यांच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी स्थानिक नावे होती. स्थलपुराण मात्र खारेपणाचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडते. कमळजा देवीच्या मंदिराजवळील ‘सासू-सुनेची विहीर’ एका बाजूस गोड व दुसऱ्या बाजूस खारी असल्याचे सांगतात. झऱ्यांचे गोडे पाणी आणि सरोवराचे पाणी किती जवळ नांदतात याचे ते उदाहरण मानता येईल.

जीवसृष्टी व बदलते पाणी

पाण्याचा हिरवा रंग मुख्यतः स्पिरुलिनासारख्या नीलहरित जीवाणूंमुळे येतो. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत याचे कारण क्षारप्रिय आर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. पाणी घटून क्षारता वाढल्यावर ते फोफावले होते. नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसून वरचे पाणी नितळ झाले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

तळातील गाळात गेलुसाइट हे सोडिअम व कॅल्शिअमचे कार्बोनेट खनिज ठरावीक थरांतच सापडते. ते थर सरोवर फार आटल्याच्या, म्हणजे दीर्घ अवर्षणाच्या काळातले मानले जातात. त्यामुळे मोसमी पावसाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा गाळ मोलाचा वाटतो. दर्जाइतकेच महत्त्व पाण्याची घडण टिकण्याला आहे, कारण गावातील सांडपाणी व वाढलेला गोड्या पाण्याचा ओघ यांमुळे क्षारता व सामू उतरतात. सामू उतरला की हजारो वर्षे येथे तगलेल्या सूक्ष्मजीवांची जागा कोणत्याही गावतळ्यात आढळणारे शेवाळ व मासे घेऊ शकतात.